स्तनाच्या कॅन्सरनंतर हात का सुजतो आणि त्यावर काय करता येतं

ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. किमो संपलेली असते, शेकही (रेडिएशन) घेऊन झालेला असतो. तपासणीला गेलं की डॉक्टर ‘सगळं चांगलं आहे’ म्हणतात. घर पुन्हा मार्गी लागलेलं असतं. आणि एके दिवशी संध्याकाळी ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात जड वाटायला लागतो. अंगठी रुतते, बांगड्या चढवताना साबण लावावा लागतो. त्या बाईच्या मनात पहिला विचार येतो तो कॅन्सर परतल्याचा. दुसरा येतो तो गप्प बसण्याचा, कारण घरच्यांना पुन्हा घोर लावायचा नसतो.

बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. ती लिम्फेडेमा नावाची सूज असते आणि ती कॅन्सरच्या उपचारांमुळेच येते. वेळेत पकडली तर ती आटोक्यात राहते, दुर्लक्ष केलं तर घट्ट होत जाते. सगळा फरक या ‘वेळेत’ शब्दात आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १.९२ लाख स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. ऑक्टोबर आला की आपल्या कोल्हापुरातही गाठ कशी ओळखावी, तपासणी कधी करावी यावर व्याख्यानं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण उपचार संपवून घरी आलेल्या बाईच्या हाताबद्दल फार कमी बोललं जातं. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या मावशीला हा त्रास सुरू झाला तेव्हा तो काय आहे हे आमच्या अख्ख्या भावकीत एकालाही सांगता येत नव्हतं.

हातात पाणी येतं कुठून?

रक्त हृदयातून निघतं आणि शेवटी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत पोचतं. तिथे त्यातलं थोडं पाणी, क्षार आणि प्रथिनं वाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपतात. पेशींना अन्न मिळतं ते असंच. हे झिरपलेलं पाणी परत नेण्यासाठी शरीरात नळ्यांचं एक वेगळं जाळं असतं. या पाण्याला लसिका किंवा लिम्फ म्हणतात आणि नळ्यांना लसिकावाहिन्या. त्यांच्या आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे हातातली लसिका वर काखेकडे जाते, तिथल्या गाठींमधून गाळून पुढे सरकते आणि मानेच्या बुडाशी पुन्हा रक्तात मिसळते. रोज काही लिटर पाणी अशा रीतीनं फिरत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

काखेतल्या या गाठी प्रत्येकाला जन्मापासून असतात. साधारण वीस ते चाळीस. कॅन्सरची गाठ वेगळी आणि या वेगळ्या. जंतू अडवणं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना कामाला लावणं हे त्यांचं काम. ऑपरेशनमध्ये त्यातल्या बऱ्याच काढल्या किंवा शेकामुळे तिथल्या वाहिन्या आखडल्या की हाताकडून येणाऱ्या लसिकेची वाट अरुंद होते.

शिरोळकडची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं चटकन कळेल. तिथे उसाला पाणी पाटातून येतच राहतं, पण खालून निचरा होत नाही. पाणी साचतं, क्षार वर येतात, माती चिकट आणि घट्ट होते, आणि काही वर्षांत पांढऱ्या पडलेल्या रानात काही उगवत नाही. हाताचंही असंच होतं. पाणी येण्यात काही बिघाड नसतो, निचरा बिघडलेला असतो. आणि साचलेलं ते नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं असतात. ती तिथेच राहिली की आतल्या आत दाह सुरू राहतो, तंतू वाढतात, चरबी साठते. सुरुवातीला बोट दाबलं की खळगा पडणारी मऊ सूज पुढे कडक होते ती यामुळे.

मग काखेतल्या गाठी काढायच्याच कशाला?

कारण स्तनातला कॅन्सर पसरायला निघाला तर बहुतेक वेळा आधी काखेत जातो. तो तिथे पोचला आहे का, हे कळल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत, आणि पोचला असेल तर त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. गाठी काढल्या म्हणून डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही.

पण आता प्रत्येकीच्या काखेतल्या सगळ्या गाठी काढत नाहीत. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि काखेत हाताला काही लागत नसेल, तर स्तनाकडून निघालेली लसिका ज्या एक-दोन गाठींत सगळ्यात आधी पोचते तेवढ्याच निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरून शोधतात आणि तपासायला काढतात. त्यांना सेंटिनेल गाठी म्हणतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या काखेला हात लावत नाहीत. २०१४ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सेंटिनेल गाठीत कॅन्सर सापडलेल्या स्त्रियांपैकी काहींच्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या, तर काहींना त्याऐवजी काखेला फक्त शेक दिला होता. पाच वर्षांनी पहिल्या गटात सुमारे २३ टक्के जणींच्या हातात सूज होती, दुसऱ्या गटात ११ टक्के. काखेत कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे अगदी कमी होतं.

म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘माझ्या काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागणार का? सेंटिनेल तपासणी माझ्या बाबतीत चालेल का?’ उत्तर ‘नाही, तुमच्यात सगळ्याच काढाव्या लागतील’ असंही येऊ शकतं. आपल्याकडे बऱ्याच जणी गाठ मोठी झाल्यावरच येतात, त्यामुळे ते अनेकदा तसंच येतं. पण विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे.

हे प्रत्येकीला होतं का?

नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जगभरातल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्यांपैकी सुमारे २० टक्के, म्हणजे पाचांत एकीला हातसूज आली. फक्त सेंटिनेल गाठ काढलेल्यांत हे प्रमाण ५ ते ६ टक्के होतं. काखेला किंवा मानेच्या बुडाशी शेक घेतला असेल, वजन जास्त असेल किंवा त्या हातात जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, तर धोका वाढतो.

ती कधी येते? बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत. पण पाच किंवा दहा वर्षांनीही येऊ शकते. म्हणून ‘माझं ऑपरेशन कधीच जुनं झालं, आता कसली भीती’ असं म्हणून चालत नाही. सूज हातातच येते असंही नाही. ती स्तनात, छातीच्या कडेला, पाठीवर काखेच्या मागच्या बाजूलाही येते, आणि तिथली सूज सहज नजरेआड होते.

सुरुवात कशी ओळखायची?

डोळ्यांना दिसायच्या आधी हात सांगत असतो. जड वाटणं, भरून आल्यासारखं, ताणल्यासारखं वाटणं. घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे सरकवावा लागतो. सकाळी हात हलका असतो, संध्याकाळी ठणकतो. या टप्प्यात हात उशीवर उंच ठेवून झोपलं तर सूज उतरते. म्हणूनच बायका म्हणतात, ‘आपोआप जातंय की’, आणि दवाखाना टाळतात. आपोआप उतरण्याचा हाच काळ उपचाराला सगळ्यात सोपा असतो.

माझ्या मावशीच्या बाबतीत हे आधी कळलं ते तिच्या शिंपिणीला. दिवाळीच्या ब्लाउजचं माप घेताना ती म्हणाली, “वहिनी, डाव्या बाहीला एक इंच जास्त लागतंय. मागच्या मापात असं नव्हतं.” वहीत जुनं माप लिहिलेलं होतं म्हणून तिला फरक दिसला.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट नेमकं हेच करतात. साध्या टेपनं दोन्ही हात मनगटाशी, कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर मोजतात. एखाद्या ठिकाणी दोन हातांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर ती सूज धरतात. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर, म्हणजे शिंपिणीची शंका रास्त होती. यात एक अडचण असते. आपला कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. ऑपरेशनच्या आधीचं माप लिहिलेलं नसेल तर आत्ताचा फरक सुजेचा की जन्माचा, हे सांगता येत नाही. हे आधीचं माप घ्यायला पाच मिनिटं आणि एक टेप लागते, मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तरीही कितीतरी जणींच्या फायलीत ते नसतं आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पुढचा टप्पा म्हणजे हात उंच ठेवूनही सूज न उतरणं, कातडी घट्ट वाटणं. त्याच्याही पुढे कातडी जाड, खडबडीत होते. तिथवर कुणी जाऊ नये.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. सूज अचानक, एक-दोन दिवसांत आली असेल, खूप दुखत असेल, हात निळसर दिसत असेल, काखेत किंवा मानेत नवी गाठ लागत असेल, तर ती लिम्फेडेमाच आहे असं स्वतःच ठरवू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, क्वचित कॅन्सरही परतलेला असू शकतो. आधी डॉक्टरांनी हे तपासून वगळायला हवं, मगच सुजेवरच्या पट्ट्या आणि स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी बाही.

पाणी साचलंय, तर लघवीची गोळी घेतली की झालं ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. पाय सुजले की आजोबांना जी गोळी चालू असते तीच दिली जाते. ती गोळी शरीरातलं पाणी काढते, पण हातात अडकलेली प्रथिनं तिथेच राहतात. क्षारपड रानातलं पाणी मोटर लावून उपसलं तरी क्षार मागे राहतात, तसंच. प्रथिनं पुन्हा पाणी धरून ठेवतात आणि सूज परत येते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ती गोळी चालू असेल तर बंद करू नका, पण लिम्फेडेमाचा तो इलाज नव्हे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘प्रथिनं साचतात ना, मग डाळ, अंडी, मटण बंद’. हेही चूक. हातात अडकलेल्या प्रथिनांचा ताटातल्या प्रथिनांशी असा हिशेब नसतो. उपचारांनी झिजलेल्या शरीराला प्रथिनं हवीच असतात. वजन आटोक्यात ठेवण्याचा मात्र खरोखर उपयोग होतो.

मग उपचार काय?

औषधाच्या बाटलीत मावेल असा उपचार नाही. निचरा बाहेरून सुधारायचा, आणि तो रोज. त्याचे चार भाग एकत्र करायचे असतात: दाब, व्यायाम, कातडीची काळजी आणि हलक्या हातानं केलेला विशिष्ट मसाज. चौघांत सगळ्यात जास्त काम दाब करतो.

सूज बरीच असेल तर पहिले दोन ते चार आठवडे जवळजवळ रोज फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पट्ट्या बांधून घ्याव्या लागतात. हे मी जवळून पाहिलं आहे. आधी हाताला साधं मलम लावलं. मग सुती मोज्यासारखी नळी चढवली. बारीक पट्टीनं एकेक बोट गुंडाळलं, नखं उघडी ठेवून. त्यावर फोम आणि कापसाचा थर, कोपराच्या खळगीत थोडा जास्त. आणि सगळ्यात वर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या, पंजापासून थेट काखेपर्यंत. पंजाशी दाब जास्त आणि वर जाताना कमी होत गेला पाहिजे, म्हणजे पाण्याला वर जायला वाट मिळते. पट्टी बाहेरून भिंतीसारखी घट्ट राहते आणि हात हलवला की स्नायू आकसून त्या भिंतीवर दाब देतो. त्या दाबानं लसिका वर सरकते. म्हणून पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून बसायचं नसतं, तो हलवायचा असतो.

मेडिकलमधून ताणली जाणारी पट्टी आणून घरी कुणीतरी गुंडाळणं म्हणजे हा उपचार नव्हे. वर घट्ट आणि खाली सैल बांधली गेली तर पंजा टरारून फुगतो. शिकून घेतल्यावर मात्र घरचं माणूस उत्तम बांधू शकतं. माझ्या मावसभावानं ते शिकून घेतलं आणि पुढे रोज रात्री तोच बांधायचा.

मसाजबद्दल कोल्हापुरात वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्याकडे मालिश म्हणजे तालमीतली, तेल लावून जोर काढून केलेली. इथे ती नको. लसिकावाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात, त्यामुळे फक्त कातडी हलकेच सरकेल एवढाच दाब द्यायचा. सुरुवात सुजलेल्या हातापासून होत नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छाती, आणि शेवटी हात. म्हणजे पुढची वाट मोकळी करून मग मागचं पाणी सोडायचं. १९३० च्या दशकात व्होडर नावाच्या डॅनिश दांपत्यानं ही पद्धत बसवली. एकट्या मसाजनं फार काही साधत नाही, दाबाच्या जोडीनं थोडी भर पडते. दाब सोडून नुसता मसाजच विकणाऱ्यांपासून सावध राहा.

स्लीव्ह कायमची घालायची का?

हात शक्य तेवढा उतरला की पट्ट्यांची जागा स्लीव्ह घेते. स्लीव्ह म्हणजे मनगटापासून काखेपर्यंतची घट्ट, दाब देणारी बाही. पंजाही सुजत असेल तर तिच्या जोडीला हातमोजा लागतो, नाहीतर पाणी पंजात उतरतं. ती माप घेऊनच घ्यावी लागते. हात सुजलेला असताना माप देऊ नये, कारण उतरल्यावर ती सैल पडते.

सकाळी उठल्यावर हात सगळ्यात बारीक असतो तेव्हा घालायची, रात्री झोपताना काढायची. घालताना रबरी हातमोजे वापरले तर पकड चांगली मिळते आणि कापड नखांनी फाटत नाही. वरची कड दुमडायची नाही, तिथे काचतं आणि निचरा आणखी अडतो. बोटं निळी पडली, बधिर झाली, दुखायला लागली तर लगेच काढा आणि पुन्हा माप तपासून घ्या. साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवायची. रोज वापरली की साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो आणि मग ती नुसती बाही उरते. ज्यांना हृदयाचा गंभीर विकार आहे किंवा हाताच्या रोहिणीचा (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीचा) आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये.

एप्रिल-मेमध्ये ती नकोशी होते हे खरं आहे. मावशी म्हणायची, “ह्यात हात नुसता शिजतोय बघ.” अशा वेळी ओल्या फडक्यानं वरून गारवा देणं, दुपारचं ऊन टाळणं, दोन स्लीव्ह आलटून पालटून वापरणं एवढे उपाय आहेत. आणि ‘कायमची का?’ याचं उत्तर हात देतो. अगदी सुरुवातीला पकडलेल्या काहींना काही आठवडे स्लीव्ह घालून पुढे फक्त लक्ष ठेवलं तरी पुरतं. उशिरा आलेल्यांना बहुधा ती कायम लागते. लिम्फेडेमा मुळापासून बरा होत नाही, पण त्याला बांधून ठेवता येतं, आणि वर्षानुवर्षं ठेवता येतं.

त्या हातानं आता काहीच काम करायचं नाही का?

पूर्वी असंच सांगायचे. जड उचलू नका, हात सांभाळा. यामुळे नुकसान बरंच झालं, कारण न वापरलेला हात आखडतो, स्नायू बारीक होतात आणि निचऱ्याला त्यांची मदत मिळत नाही.

२००९ साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी १४१ स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या सगळ्यांना आधीपासून हातसूज होती. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं. वर्षभरानंतर त्यांची सूज इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी होते आणि ताकद वाढली होती. या प्रयोगात त्या स्लीव्ह घालून व्यायाम करत होत्या, आणि वजन एकदम न वाढवता थोडंथोडं वाढवलं होतं. हे दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

मावशीला म्हशींची चिंता होती. तिनं पहिल्याच भेटीत विचारलं, “मॅडम, मी दोन वेळची धार काढतो. आता सोडायची व्हय?”

“सोडू नका काकू,” फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. “पण दोन म्हशी एका दमात नको. एक झाली की हात वर करून मुठी उघड-मिट करा, मग दुसरी. स्लीव्ह घालूनच बसायचं.”

“आणि वैरणीचा भारा?”

“तो सध्या पोरांना आणू दे. दोन महिन्यांनी लहान पेंढीपासून सुरू करू.”

सल्ला असा हवा. ‘काम करू नका’ हा सल्ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाईला पाळता येत नाही, आणि पाळता न येणारा सल्ला ती ऐकून सोडून देते. कपडे पिळणं, पीठ मळणं, पाण्याची कळशी, उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मिरच्या निवडणं-भाजणं, हे सगळं तुकड्यातुकड्यानं, मधे थांबून करता येतं. हात दुखला किंवा संध्याकाळी जास्त जड वाटला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. तोच खरा मापदंड.

त्या हातावर बीपी, सुई, सलाईन चालतं का?

गाठी काढलेल्या बाजूला सुई टोचू नये, बीपी घेऊ नये हे सर्वत्र सांगितलं जातं. २०१६ साली बोस्टनमधल्या ६३२ रुग्णांच्या अभ्यासात रक्त काढणं, इंजेक्शन, बीपी मोजणं किंवा विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी ठळक संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो जास्त वजनाशी, काखेतल्या गाठी पूर्ण काढण्याशी, त्या भागाला दिलेल्या शेकाशी आणि जंतुसंसर्गाशी.

तरी दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा. त्यात तोटा काही नाही. पण घाईच्या प्रसंगी त्याच हाताला सुई लावावी लागली म्हणून रात्र-रात्र जागून काळजी करायची गरज नाही.

खरी भीती कशाची?

जखमेची. त्या हातात निचरा कमी म्हणजे जंतूंशी लढाईही दुबळी. साधा ओरखडा पुरतो. उसाचा पाला हाताला किती बारीक चिरे पाडतो हे शेतात गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. विळी, काटा, डास, चपाती भाजताना बसलेला चटका, बोटांच्या बेचक्यातली चिखली, काखेतले केस काढताना ब्लेडनं झालेली चीर, सगळ्यांतून जंतू आत शिरू शकतात.

म्हणून शेतात पूर्ण बाही आणि हातमोजे. रोज रात्री खोबरेल तेल किंवा साधं मलम, म्हणजे कातडीला भेगा पडत नाहीत. जखम झालीच तर लगेच साबण-पाण्यानं धुऊन जंतुनाशक लावायचं. हळद, चुना, तंबाखू असलं काही त्यात भरायचं नाही.

आणि हात लाल, गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. हा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग असतो. तो काही तासांत पसरतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच. पट्टी, स्लीव्ह, मसाज तेवढ्यापुरतं थांबवायचं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि ‘या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. असा प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या वाहिन्या खराब करतो आणि सूज आणखी वाढवतो.

हा हत्तीरोग आहे का? घरातल्यांना होईल का?

हत्तीरोगात डासांमुळे शरीरात शिरलेले जंत लसिकावाहिन्या बिघडवतात. कॅन्सरनंतरच्या सुजेत जंत नसतात, डासांचा संबंध नसतो, त्यामुळे हत्तीरोगाच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. ही सूज कुणाकडून कुणाला होत नाही. त्या हातानं केलेला स्वयंपाक खाल्ल्यानं, लहान मुलाला त्या हातानं घेतल्यानं काहीही होत नाही. हे इतकं स्पष्ट लिहायचं कारण म्हणजे हळदी-कुंकवाला जाणं बंद केलेल्या, पदराखाली हात लपवून बसणाऱ्या बायका आपल्याच गल्लीत आहेत.

ऑपरेशननं कायमचं बरं होत नाही का?

अतिशय बारीक टाके घालून लसिकावाहिनी थेट शिरेला जोडणं, दुसऱ्या ठिकाणच्या लसिकागाठी काखेत बसवणं, साठलेली चरबी काढून टाकणं, अशी ऑपरेशनं आता मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांत होतात. काहींना चांगला फायदा होतो. पण त्यांनंतरही अनेकींना स्लीव्ह लागतेच, आणि चरबी काढलेल्यांना तर ती कायम लागते. आधी काही महिने पट्ट्या, स्लीव्ह आणि व्यायाम नीट करून पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात सुरुवात कुठून करायची?

जिथे कॅन्सरचे उपचार झाले तिथूनच. कोल्हापूर, मिरज, बार्शी किंवा मुंबईचं टाटा, जिथे ऑपरेशन झालं तिथल्या सर्जनना किंवा कॅन्सरतज्ज्ञांना हात दाखवा आणि लिम्फेडेमाचं काम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. प्रत्येक फिजिओथेरपिस्टचं यात प्रशिक्षण झालेलं नसतं. म्हणून फोनवरच विचारा, ‘तुम्ही लिम्फेडेमाच्या पट्ट्या बांधता का? स्लीव्हचं माप घेता का?’ दोन्हीला ‘हो’ आलं तरच जा. पट्ट्या घरी बांधायला शिकवाल का, हेही विचारा, कारण राधानगरी किंवा गगनबावड्याकडच्या बाईला रोज एसटीनं शहरात येणं जमणारं नाही.

चांगल्या स्लीव्हला काही हजार रुपये पडतात आणि ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात. पट्ट्या आणि स्लीव्हचा खर्च त्यात धरता येईल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, ऑपरेशनच्या वेळीच विचारून घ्या.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी दाखल होण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांचं माप घ्यावं: मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर. सहा आकडे. तारीख घालून फायलीच्या पहिल्या पानावर लिहावेत, आणि ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी त्याखाली नवे आकडे लिहीत जावेत.